शिकाऱ्यांच्या जुन्या गाडीतून सासरी

"घर घेऊनच जाऊ," वसंत म्हणाला. "म्हणजे कुणाच्या उंबऱ्याचा प्रश्नच नको."

हल्ली मोटारीत संसार थाटून भटकणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ नात मला दाखवते आणि विचारते, "आजी, तुला असं जायला आवडलं असतं का?" मी गेले होते, असं सांगितलं की तिला ते खरं वाटत नाही. म्हणून हे लिहिते आहे. साठचं दशक नुकतं लागलं होतं. सिंधुदुर्ग हे तेव्हा फक्त किल्ल्याचं नाव होतं, जिल्हा रत्नागिरीच होता.

उंबऱ्याचं प्रकरण आधी सांगते. मी सोलापूरची, जातीने वेगळी. वसंत मालवण तालुक्यातला, तोंडवलीच्या अलीकडच्या एका गावचा. मुंबईत आम्ही कचेरीत जाऊन सह्या केल्या आणि लग्न उरकलं. ते कळल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, गावच्या रवळनाथासमोर उभं राहून सांगितलं की ही सून माझा उंबरा चढणार नाही. मुलाला बंदी नव्हती, पण माझ्याशिवाय जायला तो तयार नव्हता. दोन वर्षं त्याने आईचं तोंड पाहिलं नव्हतं. रात्री जेवताना तो मधेच थांबायचा आणि आईच्या हातच्या कुळथाच्या पिठीबद्दल बोलायचा. मला ते ऐकवत नसे.

वसंत एका कारखान्यात फिटर होता. शिकारीला जाणाऱ्या श्रीमंत मंडळींना भाड्याने गाड्या देणारी एक कंपनी बंद पडली आणि तिचा माल विक्रीला निघाला, ही खबर त्यानेच आणली. आमच्या वाट्याला आली ती लढाईतल्या जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर लाकडी खोली चढवलेली गाडी. आत दोन फळ्यांच्या खाटा, जस्ताच्या पत्र्यावर स्टोव्ह, नळ लावलेली पाण्याची टाकी, जाळीच्या खिडक्या आणि बंदुका उभ्या करायची घडवंची. घडवंचीत मी लाटणं, झारा आणि छत्री ठेवली. दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलं होतं, "मारलेले जनावर आत आणू नये." बाहेर "शिकारीसाठी भाड्याने मिळेल" ही अक्षरं होती. वसंतने त्यांच्यावर हिरवा रंग दोनदा फासला, तरी ऊन पडलं की ती खालून दिसायचीच.

भाड्याची जुनी गाडी घेणार असाल तर एक सांगते. इंजिन सगळेच बघतात. तुम्ही छताचे सांधे आणि तळाच्या फळ्या बघा. भाड्याने घेणारा माणूस गाडी धूत नाही आणि गळतंय हे मालकाला सांगत नाही. आमच्या खाटेखालची फळी इतकी कुजली होती की तिच्यातून रस्ता दिसायचा.

डिसेंबरात निघालो. पनवेलवरून सरळ खाली उतरणारा रस्ता होता, पण त्या वाटेवरच्या खाड्या आणि त्यांच्यावरचे तराफे ह्या वजनाला झेपतील की नाही, ही शंका होती. म्हणून पुणे, कोल्हापूर आणि फोंड्याचा घाट असा वळसा घेतला. गाडी पेट्रोल प्यायची आणि चढावर रुसायची. वाटेतल्या एका नाक्यावर अंमलदाराने दार उघडून आत डोकं घातलं.

"चूल हाय, खाट हाय, मडकी हायत. संसार कुठं न्यायलाय?"

"फिरायला निघालोय," वसंत म्हणाला.

"घर घेऊन?" त्याने कागद पुढे ओढला. "मग लिहू काय? गाडी का घर?"

वसंतने गाडी लिहायला सांगितलं. मला ते आवडलं नाही.

राधानगरीच्या पुढे जंगल लागलं. तिथे गाडी एकदम शहाण्यासारखी चालू लागली, ओळखीची वाट असावी तशी. फोंड्याचा घाट उतरताना वसंतने पहिला गिअर सोडलाच नाही. ब्रेकवर विसंबू नका, हा त्याचा नियम आजच्या गाड्यांनाही लागू आहे. घाटाखाली हवा दमट झाली आणि मला पहिल्यांदा खोबरेलाचा वास आला. कणकवलीच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी जेवलो. मी सोलापूरची असूनही डोळ्यांत पाणी आलं. मालकाने गाडीवरची अक्षरं वाचली आणि विचारलं, "भाडा किती घेतास?" आमचीच गाडी आहे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

तिथून पुढे लाल मातीचा रस्ता. धूळ इतकी की जाळीच्या खिडक्यांना फडकी बांधली. वसंत एकेका वळणाला नावाने ओळखत होता. बेत साधा होता. गाडी घरासमोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी करायची. वसंतने उतरून आईला भेटायचं. मी आतच बसायचं. तात्यांनी बोलावलं तर उतरायचं, नाही बोलावलं तर आमचं घर आमच्याजवळ होतंच. कुणाच्याही अंगणात न बोलावता पाय ठेवायचा नाही, हे मी निघतानाच ठरवलं होतं. वसंत त्याला हट्ट म्हणायचा, मी अब्रू म्हणायचे.

दुपार कलली तेव्हा गावात शिरलो. सारवलेलं खळं, तुळस, कौलारू घर, मागे माडांची रांग. दार नुसतं लोटलेलं होतं. वसंतने भोंगा वाजवला. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवला. मग त्याने उतरण्यासाठी गाडीच्या दाराच्या कडीला हात घातला आणि तसाच थांबला.

"कुत्रं भुंकलं नाही," तो म्हणाला.

मी बाहेर पाहिलं. गोठ्यात गुरं नव्हती. कोंबडी नव्हती. कुठल्याच घरातून धूर येत नव्हता. वसंतचा चेहरा पांढरा पडला.

"गावपळण," तो पुटपुटला. "उतरू नकोस. काही झालं तरी उतरू नकोस."

ही त्यांच्या काही गावांची रीत. दर काही वर्षांनी देवाला कौल लावतात आणि देवाने हुकूम दिला की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. त्या दिवसांत गाव देवाचा असतो, तिथे माणसाचं पाऊल पडायचं नाही, आणि परतायलाही पुन्हा देवाचा कौल लागतो. दिवस ठरतो तो कौलानंतर, त्यामुळे कुणी कळवल्याशिवाय मुंबईत समजायचा मार्ग नाही. आम्हाला कळवणार कोण? तात्या लिहीत नव्हते आणि सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. जन्मापासून ही रीत पाळणारा वसंत नेमका त्याच दिवशी घर घेऊन गावाच्या मधोमध येऊन उभा राहिला होता.

गाडी खळ्यातच मागे-पुढे करत वळवली आणि वसंतने पलीकडच्या, जवळच्या वेशीची वाट धरली. वेशीवरच्या व्हाळापाशी येतो तोच पलीकडून आरडाओरडा सुरू झाला. "भायर येवा! गाव भायर आसा! खंयसून इलास?" व्हाळ म्हणजे ओढा. पाणी घोटाभर होतं. गाडी पार झाली आणि माणसांनी आम्हाला घेरलं. खळ्यापर्यंत जाऊन आल्याचं वसंतने सांगून टाकलं.

पलीकडच्या मळ्यात सगळा गाव उतरला होता. माडाच्या झापांच्या खोपी, दगडांच्या चुली, दोरीवर वाळणारी लुगडी. मुलं नाचत होती. मोठ्यांचे चेहरे मात्र उतरले होते. गावकार, म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने बोलणारा मानकरी, पुढे आला. त्याच्यामागे एक उंच, वाळकी व्यक्ती काठी टेकत उभी होती. न सांगताच मी तात्यांना ओळखलं. वसंतचं नाक तेच होतं.

 गावकार वसंतला सोडून तात्यांकडे वळला. "तुझ्या झिलान गाव मोडलो. परवा देवान कौल देवक नाय, तर आमी सगळ्यांनी हयच मरूचा?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "गाडी खळ्यात गेली. चाकां लागली, पाय खंय लागलो?"

"गाडी कसली ती? घर आसा ता," दुसरा म्हणाला. "घरात बसान गावात रवली म्हणजे रवलीच."

पुन्हा तोच प्रश्न. ह्या वेळी मात्र त्यावर गावाचं परतणं आणि तात्यांची मान दोन्ही टांगलेली होती. आमच्यामुळे सगळ्या गावाने त्यांच्याकडे बोट दाखवावं, ही कल्पना मला सहन होईना. आमचं भांडण होतं, पण ते आमचं होतं.

तात्यांनी वसंतला विचारलं, "उतरलंस?"

"नाय, तात्या. कडीक हात लावलंय, तेवढोच."

मग ते दाराशी आले. लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलत होते.

"तू खळ्यात पाय लावलंस?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही बोलावल्याशिवाय उतरायचं नाही, असं मुंबईहूनच ठरवून आले होते."

 ते गावकाराकडे वळून म्हणाले, "पाय लागूक नाय. ह्यां खोटा सांगूचा नाय."

त्यांना ते कसं कळलं, देव जाणे. गावकाराने आणखी दोघांना विचारलं आणि निकाल दिला. आम्ही देवाला नारळ ठेवायचा, गावाबरोबर मळ्यातच राहायचं आणि परवा कौल लागेपर्यंत हलायचं नाही.

असा आमचा मुक्काम पडला. आता विचार केला तर त्या मळ्यासारखी जागा मला पुढे कुठल्याही सहलीत मिळाली नाही. कुणाच्याही घराला दार नव्हतं. श्रीमंताची खोप आणि गरिबाची खोप शेजारी होती. बायका फुगड्या घालत होत्या, पुरुष पत्ते कुटत होते, दुपारी गरवून आणलेले मासे सगळ्या चुलींवर वाटले जात होते. गाडी पाहायला रांग लागली. सासूबाई पहिल्याच संध्याकाळी पेजेचं भांडं पदराखाली घेऊन आल्या आणि कुणाला न विचारता आत चढल्या.

"अगो, हय चूल पण आसा!" त्यांनी स्टोव्ह हात लावून पाहिला. मग खाटेवर बसून त्यांनी वसंतचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडल्या. मलाही रडू आलं. मग त्यांनीच डोळे पुसले आणि पिठी कशी ढवळायची ते मला स्टोव्हवर दाखवलं.

तात्या आले नाहीत. त्यांची खोप हाकेच्या अंतरावर होती. ते बाहेर बसून गाडीकडे बघायचे, मी बघितलं की माडाकडे बघायचे.

शेवटच्या संध्याकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं. काठीचा आवाज आला. दाराशी गाडीची पायरी होती, लोखंडाची, वीतभरही रुंद नसलेली. शिकारी बुटांनी घासून ती चकचकीत झाली होती. मळ्यातली झाडून सगळी माणसं त्या दोन दिवसांत पायातलं न काढता आत येऊन गेली होती, आणि गाडी म्हटल्यावर त्यात चूक काहीच नव्हती.

तात्या पायरीशी थांबले. त्यांनी वहाणा काढल्या आणि पायरीवर ठेवल्या. एक खाली पडली. त्यांनी वाकून उचलली आणि पुन्हा ठेवली.

"भुतूर येव काय?"

मी डोक्यावर पदर घेतला आणि "या" म्हटलं.  ते बंदुकांच्या घडवंचीशेजारी बसले आणि त्यांनी लाटण्याकडे बघितलं. चहा अर्धा झाल्यावर बोलले.

"देवासमोर बोल्लंय ता मी फिरवचंय नाय. माझो उंबरो तुका बंद तो बंद."

"ठाऊक आहे मला."

"पण ह्यो तुझो उंबरो," ते म्हणाले. "हय येवक माका कोणी आडवूक नाय."

त्यांनी कप बशीत ठेवला आणि आणखी चहा मागितला. वसंत खिडकीकडे तोंड करून उभा होता. मला तात्यांचा राग होता आणि तो त्या क्षणी गेला असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण त्यांच्या कपात चहा ओतताना मी आनंदात होते.

दुसऱ्या दिवशी कौल लागला. ढोल वाजले, गुरं सुटली, गाव व्हाळ ओलांडून घरी निघाला. आम्ही मळ्यातच थांबलो. तात्या शेवटी निघाले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी एकदा मागे वळून काठी उचलली.

परतताना धामापूरला थांबलो. तलाव शांत, काठावर भगवतीचं देऊळ. गाडी उभी करायला झाडाखाली भरपूर सावली आहे, पाणीही गोड आहे. देवळाच्या उंबऱ्यावरून आत जाताना मला थोडं हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. पुढे कुडाळ, सावंतवाडी, आंबोलीचा घाट. घाटात रेडिएटर उकळला, पण दोन डबे पाणी बरोबर होतं. तुम्हीही ठेवा.

सासरचं घर मी आजवर आतून पाहिलेलं नाही. 

मुंबईत आल्यावर दुरुस्त्या ढीगभर होत्या. छत गळत होतं, एक टायर गेला होता, कुजलेली फळी तशीच होती. पहिल्या सुट्टीच्या दिवशी वसंत गाडीशी खटपट करत बसलेला दिसला. मी खाली गेले. त्याने लोखंडाची पायरी काढून टाकली होती आणि तिच्या जागी सागाची चांगली हातभर रुंद फळी बसवत होता.

"छत सोडून हे काय?" मी विचारलं. "एवढी रुंद कशाला?"

"तात्यांच्या वहाणा मावायला नकोत?" तो म्हणाला आणि स्क्रू पिळत राहिला.