डावीकडे काही नाही

माणसाच्या मानेत हाडं असतात असं माइकबाई शाळेत शिकली होती. बंदरात नोकरीला लागली आणि त्यावरचा तिचा विश्वास उडाला.

बंदर फिरवून आणणाऱ्या लाँचवर ती माइक धरून उभी राहायची. "उजवीकडे पाहा," म्हणाली की साऱ्या माना उजवीकडे. "आता मागे पाहा," की साऱ्या मागे. कुणी विचारायचं नाही की बाई, का? एकदा कंटाळा आला म्हणून तिने बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याची चिमणी दाखवली आणि "इथून पूर्वी राजघराण्यातल्या स्त्रिया सूर्यास्त पाहत असत," असं ठोकून दिलं. लोकांनी फोटो काढून काढून चिमणीचा जीव नकोसा केला. एक चष्मेवाले गृहस्थ तर बायकोला म्हणाले, "मी वाचलंय याबद्दल." चिमणीच्या आत चढून सूर्यास्त कसा बघणार, हा प्रश्न अख्ख्या लाँचीत एकालाही पडला नाही. त्या दिवसापासून प्रवासी दिसले की तिच्या ओठांचा एक कोपरा आपोआप खाली जायचा.

माइकबाई हे नाव सारंगाने पाडलं होतं. सारंग म्हणजे लाँच चालवणारा. हा माणूस बोलण्यात इतका कंजूष की त्याने एखाद्याला नाव ठेवलं तर ते आयुष्यभर पुरायचं. तिला नाव आवडलं नव्हतं, पण सारंगाबद्दल तिला राग नव्हता. त्याच्याबद्दल तिला काहीच वाटायचं नाही. मालकाबद्दल वाटायचं. मालकाला बंदरातलं एवढंच कळत होतं की ते पाण्याला लागून असतं. आणि प्रवाशांबद्दल तर काय बोलायचं! हे पाणी खारट आहे का, इथे मासे राहतात का, लाँच उलटली तर पुढे काय करायचं. शेवटच्या प्रश्नाला ती गोड आवाजात सांगायची, "पोहायचं." मनात म्हणायची, तुम्ही नका पोहू, उगाच गर्दी होईल.

हा गोड आवाज तिने कमावलेला होता. भाड्याच्या खोलीत आरशासमोर उभी राहून "आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत" म्हणत तिने घरचा आवाज घशातून खरवडून काढला होता. खरवडणं तिच्या घरात नवं नव्हतं. तिचे वडील सुक्या गोदीत जहाजांच्या पोटावरचा गंज खरवडायचे. जहाज गोदीत यायचं, पाणी उपसलं जायचं, आणि मग ते आणि त्यांचे सोबती फळ्यांवर लटकून हातोडी आणि खरवडायची पत्री घेऊन त्याला दिवसच्या दिवस घासायचे. संध्याकाळी घरी आले की वडिलांच्या भुवयांतून तांबडी पूड पडायची. उशीच्या अभ्र्यावर तांबडं, टॉवेलवर तांबडं, तिच्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावरही पाठीवर थाप मारल्याची तांबडी खूण. वर्गातल्या पोरींनी तिला त्यावरून एक नाव ठेवलं होतं. ते तिने कुणाला कधी सांगितलं नाही, आपणही सांगायला नको.

गोदीच्या मागे या लोकांची वस्ती होती. पत्र्याची छपरं, एकमेकींना टेकून उभ्या भिंती, मधून एक काळा नाला, आणि तो नाला जिथे समुद्राला मिळतो तिथे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. लाँच खाडीच्या चिंचोळ्या तोंडातून जायची तेव्हा ही वस्ती अगदी डाव्या हाताला, ओळखीच्या माणसाचा चेहरा दिसेल इतकी जवळ यायची. उजव्या हाताला टेकडीवर एक पांढरा बंगला होता. खांब, हिरवळ, कारंजं. त्यात कोण राहतं हे तिलाही माहीत नव्हतं, पण त्याच्याबद्दल ती बराच वेळ बोलायची.

पहिल्याच आठवड्यात मालकाने तिला सांगून ठेवलं होतं, "तिथे लोकांना बंगल्यात गुंतवा. नाल्याकडे लक्ष गेलं की नाकाला रुमाल लागतात." मालकाचं म्हणणं एवढंच होतं. पुढचं वाक्य माइकबाईचं स्वतःचं. खाडीचं तोंड आलं की ती जरा थांबायची, आवाजात थोडं हसू मिसळायची आणि म्हणायची, "डावीकडे पाहण्यासारखं काही नाही. उजवीकडे पाहा." काही नाही म्हणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती भर तिच्या पदरची.

दुपारच्या फेरीला हे वाक्य तिला जास्तच घाईने म्हणावं लागायचं. त्या वेळी नेमकी तिची आई दोरीपाशी असायची. चादरी, परकर, वडिलांचे ते कधीच न निघणाऱ्या डागांचे सदरे, सगळं प्रदर्शन मांडल्यासारखं ऐन समुद्राच्या तोंडावर. कपडे सकाळी वाळत घालावेत, संध्याकाळी घालावेत, पण नाही, हिला लाँच यायच्या वेळेचाच मुहूर्त सापडायचा. माइकबाई मनातल्या मनात चरफडायची आणि कारंज्याची माहिती देऊ लागायची. दोन वर्षांपूर्वी ती धक्क्याजवळ खोली घेऊन राहिली होती. रोज जाणं-येणं जमत नाही असं घरी सांगितलं होतं. वस्तीतून धक्क्यावर चालत यायला फारसा वेळ लागत नसे, हे घरच्यांनाही माहीत होतं. तिला मात्र वाटायचं की त्यांना हे सुचलेलं नाही.

वडील कामावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं की निरोप म्हणून सगळ्यांनी मिळून लाँचीची फेरी करायची. आपली पोरगी माइकवर बोलते, तिला ऐकायचं. जन्मभर लोखंडाला खालून बघितलं, आता एकदा पाण्यावरून बघू. सुट्टीच्या दिवशी ती घरी गेली तेव्हा आईने ही बातमी सांगितली. माइकबाईने कपाळाला हात लावला.

"तूही येणार?" तिने आईला विचारलं.

"मला बोट लागते, माहीत आहे ना तुला. आणि सगळेच लाँचीत बसले तर किनाऱ्यावरून हात कोण हलवणार?" आई म्हणाली. "एवढं कर. आपली वस्ती आली की दोन शब्द आमच्याबद्दलही बोल. तुझ्या बाबांना बरं वाटेल. फार नको. दोनच."

तिने हो म्हटलं. आणि खोटं कशाला बोला, मनापासून म्हटलं. खोलीवर आल्यावर वाक्यही तयार केलं. "डावीकडे दिसते त्या वस्तीतल्या माणसांनी या बंदरातलं प्रत्येक जहाज आपल्या हातांनी घासलं आहे." आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं वाटलं. एकदा म्हणायचं, बाबांचा चेहरा बघायचा, संपलं. मालकाला कोण सांगायला जातंय?

फेरीच्या दिवशी दुपारी वस्ती धक्क्यावर अवतरली. ठेवणीतले कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात डबे, पाण्याच्या बाटल्या, आणि एकाने तर घरून घडीची खुर्ची आणली होती, कारण लाँचीत बसायला मिळतं की उभं राहावं लागतं हे विचारायचं राहून गेलं होतं. वडील मध्ये, नव्या सदऱ्यात, लग्नाला आल्यासारखे अवघडून. त्यांनी मुलीकडे पाहून मान हलवली आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. कामावर असलेल्या माणसाशी बोलू नये असं त्यांना वाटलं असावं.

शेजारच्या काकूला असं काही वाटत नव्हतं. ती पहिल्या रांगेत बसली आणि बाजूच्या गॉगलवाल्या बाईंना म्हणाली, "ती माइकवाली आहे ना, आमचीच आहे. शेंबूड पुसलाय मी तिचा."

गॉगलवाल्या बाई हसल्या, "हो का, छान," म्हणाल्या, आणि पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

माइकबाईने ते पाहिलं. पर्स बाजूला घेतलेली तिने याआधी हजार वेळा पाहिली असेल, पण आज त्या पर्सने तिच्या शाळेच्या सदऱ्यावरची तांबडी थाप पुन्हा उमटवली. तिने स्वागताची वाक्यं म्हटली. काकूने टाळ्या वाजवल्या. दीपगृह दाखवलं, पुन्हा टाळ्या. मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्याने बोल गं, इंजिनात ऐकू येत नाही." डबे उघडले. चिमणी आली तेव्हा राजघराण्यातल्या स्त्रियांवर वस्तीतला एकजण म्हणाला, "अरे, तो साबणाचा कारखाना ना? माझा भाऊ होता तिथे." लगेच त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "तिला माहीत नसेल का? शिकलीय ती." तो मान वर करून सूर्यास्त बघणाऱ्या स्त्रिया शोधू लागला.

खाडीचं तोंड आलं. सारंगाने वेग कमी केला. वडील ताठ बसले. डावीकडे किनाऱ्यावर बायकापोरांची रांग उभी होती आणि दोरीपाशी आई, दोन्ही हातांनी एक पिवळी चादर डोक्यावर धरून, वाऱ्याशी झोंबत.

माइकबाईने माइक तोंडाशी नेला. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. समोर गॉगलवाल्या बाई पर्समधून रुमाल काढत होत्या. ती जरा थांबली, आवाजात थोडं हसू मिसळलं आणि म्हणाली, "डावीकडे पाहण्यासारखं काही नाही. उजवीकडे पाहा."

जीभ घसरली, असं तिने नंतर स्वतःला सांगितलं, आणि प्रवाशांनी चिमणी मान्य करावी तितक्या सहज ते मान्यही केलं. पण घसरलेली जीभ इतक्या व्यवस्थित थांबत नाही आणि मध्ये हसूही मिसळत नाही.

आता हे लोक ओरडतील, असं तिला वाटलं. काकू तर माइकच हिसकावून घेईल. बाबा उठून डावीकडे जातील, सगळे त्यांच्यामागे जातील, लाँच कलंडेल, सारंग शिव्या देईल. तसं झालं असतं तर तिचं निभावलं असतं.

तसं झालं नाही. तिचं वाक्य संपलं आणि साऱ्या माना उजवीकडे वळल्या. गॉगलवाल्या बाईंची वळली, खुर्चीवाल्याची वळली, काकूची क्षणभर थबकली आणि वळली. बाबांची मानही वळली. ते डोळे बारीक करून त्या पांढऱ्या बंगल्याकडे अगदी मन लावून बघत होते, मुलीच्या परीक्षेचा पेपर बघितल्यासारखे. डावीकडे फक्त माइकबाईची मान होती. पिवळी चादर जवळ आली, फडफडली आणि मागे पडली.

"छान सांगतेस," धक्क्यावर उतरल्यावर वडील म्हणाले. "एकदाही अडखळली नाहीस. पण आपली वस्ती कधी गेली गं? मी तू सांगशील तिकडेच बघत होतो."

तिने काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते तिच्याही लक्षात राहिलं नाही.

संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर घरी गेली. नसती गेली तर बरं झालं असतं, पण पाय गेले. आई चादरीची घडी घालत होती. हात वर धरून धरून खांदे आखडले होते, पण चेहरा खुलला होता. "दिसले का मी?" तिने वडिलांना विचारलं.

"म्हणजे काय, दिसलीस की," वडील म्हणाले. "लांबूनच ओळखली चादर. निळी ना?"

आईने हातातल्या पिवळ्या चादरीकडे पाहिलं. वडिलांनीही पाहिलं.

"पिवळी होती," माइकबाई म्हणाली. "मला दिसली."

"तुला दिसली ना, मग झालं," आई म्हणाली. "आणि काय बोललीस आमच्याबद्दल?"

वडील बूट काढायला वाकले. काकू दारात उभी होती, तिनेच उत्तर दिलं. टोमणा नव्हता त्यात, तो असता तर माइकबाईला कुठे वार करायचा ते कळलं असतं. काकू अगदी पटल्यासारखं बोलली. "बरोबर तेच बोलली. डावीकडे पाहण्यासारखं काही नाही म्हणाली. आता आहे काय इथे पाहण्यासारखं? नाला? तिकडे तो बंगला बघ, कारंजं काय, हिरवळ काय. बरं झालं दाखवला, नाहीतर आपल्याला कुठे कळणार होतं?"

आईने घडी पुरी केली आणि कपाटात ठेवली. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, ते तिने गुडघ्याने दाबलं.

"रोज असंच सांगतेस?" तिने विचारलं.

माइकबाई कपाटाच्या दाराकडे बघत राहिली. आईला उत्तर मिळालं.

"मी आपली दुपारच्या फेरीला मुद्दाम कपडे घेऊन बाहेर यायचे," आई म्हणाली. "म्हटलं, तेवढीच तू मला बघतेस, मी तुला बघते. आता मागच्या बाजूला घालत जाईन. तिकडे ऊनही बरं असतं."

माइकबाईला त्या क्षणी स्वतःची किळस आली. तिने ती गिळली आणि चहा घेतला, सगळ्यांनी आग्रह केला म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाँच भरलेली होती. हे पाणी खारट आहे का, असं एकाने विचारलं. हो, म्हणून तिने सांगितलं, त्याला तुच्छ लेखण्याइतका जोर तिच्यात उरला नव्हता. खाडीचं तोंड आलं, सारंगाने वेग कमी केला आणि तिच्याकडे पाहिलं, कारण माइक गप्प होता.

"काय गं, झोपलीस का?" तो म्हणाला. एवढं मोठं वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता.

ती डावीकडे बघत होती. दोऱ्या मोकळ्या होत्या. लोक तिच्याकडे तोंड करून बसले होते, कुठे पाहायचं ते ती सांगेल म्हणून. तिने माइक तोंडाशी नेला आणि रोजचं वाक्य म्हटलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा खरं होतं.