बटणबाई

बटणबाई हे नाव मी ठेवलं. पुढे ते सगळ्या विभागात पसरलं, बाईंच्या कानावर गेलं, आणि हे कुणाचं डोकं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी सरळ दुसऱ्या एका पेशंटकडे बोट दाखवलं. त्या काळात मी बरंच खोटं बोलायचे. ते पुढे येईलच.

बाई फिजिओथेरपिस्ट होत्या. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, प्लास्टर घालायच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. दोन स्टुलं, एक बेसिन, एक कपाट. बेसिनवर आरशाचे दोन खिळे तेवढे होते, आरसा बाईंनी काढून टाकला होता. आरसा दिसला की माणूस तोंड बघत बसतो, काम करत नाही, असं त्यांचं म्हणणं. नऊ वर्षं त्या लकव्याने तोंड वाकडं झालेल्यांकडून चेहऱ्याचे व्यायाम करून घेत होत्या. मग आम्ही आठजण त्यांच्याकडे आलो.

आम्ही सगळे जन्मापासून एचआयव्ही घेऊन आलेले. लहानपणी मिळालेल्या औषधांनी आम्हाला जगवलं आणि जाता जाता गालांवरची चरबी नेली. औषधं पुढे बदलली, गाल काही परत आले नाहीत. एकोणिसाव्या वर्षी मला बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. आजार आम्ही कुणाला सांगत नव्हतो, पण आमच्या आजाराची ज्याला थोडी माहिती होती त्याला तो चेहऱ्यावरच वाचता यायचा.

गेलेली चरबी आणणं माझ्या हातात नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पण तिच्याखाली स्नायू आहे, तो मेहनतीने भरला तर गाल थोडा उचलेल, असं त्यांना वाटत होतं. नुसतं वाटतच होतं. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सहा महिने दिले होते. तेवढ्यात फरक मोजून दाखवायचा, नाहीतर आमचा गट बंद.

पद्धत अशी. दोन स्टुलांवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. हवा एका गालात भरायची, दुसऱ्यात न्यायची, दहापर्यंत धरायची. गाल आत ओढायचे. ओठांचा चंबू करायचा, मग कानापर्यंत ताणायचे. आणि हे सगळं बाई समोर बसून आपल्याबरोबर करायच्या. मीच तुझा आरसा, म्हणायच्या. तोंडात हवा असल्यामुळे आकडे बोटांवर मोजायच्या. मध्येच कुणी दार उघडलं तर दोन फुगलेल्या बायका एकमेकींकडे डोळे वटारून बसलेल्या दिसायच्या. येणारा गुपचूप दार लावून घ्यायचा.

मग बटण. कोटाचं मोठं बटण, त्याला जाड दोरा. बटण ओठांच्या आत, दातांपुढे धरायचं. बाई दोरा ओढणार, आपण सोडायचं नाही. प्रत्येकाचं बटण वेगळं, उकळून त्याच्या त्याच्या डबीत ठेवलेलं. माझं तपकिरी. तोंडात बोट घालायची वेळ आली तर बाई हातमोजे घालायच्या, पण माझ्या थुंकीने ओला झालेला दोरा उघड्या बोटांना गुंडाळून ओढायच्या. शाळेत माझा पेला वेगळा ठेवलेला होता. बाईंच्या बोटांना गुंडाळलेला तो दोरा बघून मला पहिल्या दिवशी रडू आलं, आणि रडल्यामुळे बटण सुटलं. बाई म्हणाल्या, रडायचं तर रड, पण ओठ मिटून.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला होते. मागच्या खोलीत काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. पुढे मालक काका. त्यांचा एक नियम होता: फ्रेम घातली की गिऱ्हाइकाला हसायला सांगायचं. हसल्यावर गाल लागून चष्मा वर सरकला, तर नाकावरचे पॅड नीट करायचे. मी मागच्या खोलीत एकेक फ्रेम चढवून वेड्यासारखी हसून बघायचे. चष्मा जागचा हलायचा नाही. पॅड बदलायला जी गुबगुबीत गिऱ्हाइकं परत यायची, त्यांचा मला मनापासून राग यायचा.

घरी हे व्यायाम दिवसातून चारदा करून कार्डावर खुणा करायच्या होत्या. मी आत्याकडे राहायचे. दोन खोल्या, पाच माणसं, आणि आत्या सोडून कुणाला माझा आजार माहीत नव्हता. आतेबहिणींसमोर मी गाल फुगवून बसले असते तर कशासाठी म्हणून विचारलंच असतं. दहा दिवस मी मोरीत कोंडून घेऊन केलं. अकराव्या दिवशी बाहेरून दार वाजायला लागलं आणि मी सोडून दिलं. मग भेटीच्या दिवशी बसस्टॉपवर बसून कार्ड भरायचे. एकसारखं दिसू नये म्हणून दोन निळी पेनं आणि एक काळं. असल्या बाबतीत माझं डोकं फार चालायचं.

सहा महिने झाले. बाईंनी चिमट्यासारख्या मापाने माझे गाल मोजले, पुन्हा मोजले, वहीत लिहिलं. मग वही मिटून हात मांडीवर ठेवून बसल्या. आठांपैकी एकाचाही गाल भरला नव्हता. उद्या मोठ्या डॉक्टरांना तसं सांगून गट बंद करणार होत्या.

"बाकीच्यांबद्दल मला थोडं वाटतं, त्यांनी आळस केला असेल," त्या म्हणाल्या. "पण तू एक चौकोन रिकामा सोडला नाहीस. तू एवढं करून झालं नाही, म्हणजे माझंच चुकलं. तुझे सहा महिने मी फुकट घालवले. मला माफ कर."

कपाटातून माझी डबी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. आठवण म्हणून ठेव, म्हणाल्या. माझी आयुष्यात कुणी माफी मागितली नव्हती, आणि मागितली ती अशी.

"बाई, मी केलंच नाही," मी म्हणाले. "दहा दिवस केलं. बाकी सगळं बसस्टॉपवर."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून त्यांनी बटणं उकळायचं भांडं घासायला घेतलं. स्वच्छच होतं ते, तरी कितीतरी वेळ घासलं. मग पाठमोऱ्याच बोलल्या, की तुझ्या खोट्या खुणांवर मी बाकीच्या सातजणांचं दार लावायला निघाले होते. मी मोरीचं, आतेबहिणींचं सगळं सांगितलं. त्या दुपारी त्यांनी सातही जणांना फोन लावले. सहाजण माझ्याच माळेचे मणी निघाले. सातवा म्हणाला, मी केलं, पण रविवारीच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला आरोपी म्हणून मोठ्या डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टर वाईट नव्हते, नेमके होते. केलं नाही म्हणून झालं नाही हे ठीक, म्हणाले, पण केलं असतं तर झालं असतं हे कशावरून? मी खाली बघत होते, म्हणून माझी नजर बाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. नऊ वर्षांपूर्वीचा फोटो. लांबट, बसक्या गालांची एक बाई. मी वर बघितलं. समोर गोल, भरल्या गालांच्या बाई. दिवसभर लोकांच्या चेहऱ्यांच्या मापाने काचा बसवणारी मी, आणि सहा महिने गुडघ्याला गुडघा लावून बसूनही मला हे दिसलं नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हणाले, "हे व्यायाम रोज, एकही न चुकवता केलेलं एक माणूस आहे. ते तुमच्यासमोर बसलंय."

डॉक्टरांनी ओळखपत्र हातात घेतलं. फोटो बघितला, बाई बघितल्या, परत फोटो. बाई लाल झाल्या. वय झालं, चहाबरोबर बिस्किटं फार होतात, असं काहीबाही बोलायला लागल्या. नऊ वर्षांत वजन किती वाढलं, डॉक्टरांनी विचारलं. एक किलो, बाई पुटपुटल्या. हा काही पुरावा नव्हे, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. पण दुसऱ्यांदा म्हणताना त्यांना हसू आवरेना. आणखी सहा महिने मिळाले.

त्यानंतर बाई रोज सकाळी सात वाजता खोली उघडायच्या, ड्युटीच्या दीड तास आधी. ज्याला घरी जागा नाही त्याने इथे यावं. आम्ही आठही जण यायचो. बाईंनी मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. पण माझ्या बटणाचा दोरा त्या इतरांपेक्षा जोरात ओढायच्या, हे मी शपथेवर सांगेन.

सहा महिन्यांनी माझा आकडा आला: वाढ दोन मिलिमीटर. दोनच, डॉक्टर म्हणाले. मी त्यांना सांगितलं, आमच्या धंद्यात काच दोन मिलिमीटर सरकली तर माणूस डोकं धरून परत येतो. गट चालू राहिला.

मागच्या महिन्यात बाई दुकानात आल्या. आता पुढच्या काउंटरवर मी असते. जवळचं वाचायला त्रास होतो म्हणाल्या. मी एक फ्रेम त्यांच्या नाकावर बसवली आणि नियमाप्रमाणे हसायला सांगितलं. त्या हसल्या, आणि चष्मा चांगला भुवयांपर्यंत चढला. मी पॅड वाकवत बसले. हे गाल माझ्यामुळे आहेत, आम्हा सगळ्यांमुळे आहेत, असं मनात आलं आणि मला त्या बाईबद्दल इतकी माया वाटली की पक्कड हातातून सटकली.

"तू घाल बघू," बाई म्हणाल्या.

दुकानात सगळीकडे आरसे आहेत. मी एकाकडेही बघितलं नाही. फ्रेम चढवली, स्टूल पुढे ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि हसले. बाई हसत नव्हत्या. मान पुढे काढून, डोळे बारीक करून त्या माझ्या चष्म्याच्या खालच्या कडेकडे बघत होत्या.

"हलला," त्या म्हणाल्या.