केळीच्या पानातला माणूस

केळीच्या ताज्या पानाचा वास आला की अजून मान खाली जाते. धुळ्याला शिकत असताना चोपड्याकडचे एक नाना त्यांच्या रोगट केळीची पानं तपासायला देऊन गेले होते. पानातला डीएनए मी कॉम्प्युटरवर जुळवून पाहिला, तर तो जुळला माणसाशी! नाना निकाल विचारायला आले तेव्हा "तुम्ही पानं हाताळलीत," म्हणून मी सगळ्यांदेखत खेकसले. "मनं चुकनं, ताई," ते ओशाळून म्हणाले. ते गेल्यावर पाहिलं, तर पडताळणीसाठी पान न घालता ठेवलेल्या कोऱ्या नळीतही माणूसच होता. हातमोज्यांशिवाय काम मीच केलं होतं. आठवड्याने नाना नवी पानं घेऊन आले, दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या सुतळीने बांधून. "आते बराबर शे ना, ताई?" मी "हो" म्हटलं. आता विद्यार्थ्यांना बजावते, कोरी नळी आधी बघा. का, ते सांगत नाही.