निरोप गिळणारं फुप्फुस

आमच्या अंथुर्ण्याच्या शाळेत माझ्या संशोधनावर मराठीतून बोलायचं ठरलं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, जमणार नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठवते. मी जमेल म्हणाले. बारामतीत इंग्रजी शाळेत शिकले, त्यात अबोल. गाव मला मुकीच समजतं. पण माझ्याच गावात माझं काम दुसऱ्यानं सांगावं, हे मला नको होतं.

आदल्या संध्याकाळी ओट्यावर पप्पांसमोर आणि तात्यांसमोर, म्हणजे चुलत्यांसमोर, सराव केला. शरीरात कुठं दाह झाला की पेशी रक्तात छोटी प्रथिनं सोडतात. तो पांढऱ्या पेशींना धावून येण्याचा निरोप असतो. फुप्फुसातल्या पेशी त्यातली काही प्रथिनं आत ओढून घेतात आणि मोडून टाकतात.

पप्पा मोबाईल बघू लागले. तात्या म्हणाले, "निरोप मोडायचा कशाला? लोकं आली तर बरंच हाय की."

 मग कांदा आठवला.

गेल्या हंगामात विजेच्या तारेची ठिणगी पडून आमचा ऊस पेटला. पप्पांनी ग्रुपवर 'लवकर या' टाकलं. शेजाऱ्यांनी फवारणीचे ट्रॅक्टर आणून आग लगेच विझवली. पण ती विझल्याचं कुणी कळवलंच नाही. निरोप या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत राहिला. अंधार पडेपर्यंत ट्रॅक्टर येत होते, तेही तात्यांच्या कांद्यातून.

"तात्या, तुमचा कांदा आगीनं गेला का?"

"आग तुझ्या बापाची, तुडवला माझा कांदा."

पप्पांनी मोबाईल खाली ठेवला.

मी सांगितलं, शरीरातही कधी कधी मदतीला आलेली गर्दीच नुकसान करते. सगळं रक्त फुप्फुसातून जातं, आपलं सगळं गाव फाट्यावरून जातं तसं. तिथं काही निरोप पकडले जातात, गिळले जातात, त्यांचे तुकडे पुन्हा कामी येतात. किती आणि कसे, तेच मी शोधते आहे.

"म्हंजी त्या दिवशी फाट्यावर आडवायला कुणीतरी पायजे हुतं," तात्या म्हणाले.

"व्हय," माझ्या तोंडून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी माईक हातात आला आणि पाठ केलेलं पहिलंच वाक्य विसरले. मुलांच्या मागं खुर्चीवर तात्या बसले होते. मी भाषणाचा कागद घडी करून ठेवला.

"गेल्या हंगामात आमचा ऊस पेटला होता," मी म्हणाले.

"अन् तात्यांचा कांदा गेला," मागून कुणीतरी म्हणालं.

हशा संपेपर्यंत थांबले. मग बोलत राहिले.