शूऽऽकाकांचा खोकला

वाचनालयात तीस वर्षं दुसऱ्यांना गप्प करण्यात गेली, म्हणून लोक त्यांना शूऽऽकाका म्हणतात. आता त्यांना स्वतःलाच खोकता येईना.

"काका, ही नुसती थुंकी झाली. मला छातीतला बेडका हवाय!" मी डबी परत केली. दवाखान्यात टीबीच्या तपासण्या मीच करते आणि तोंडाची आहे फटकळ. "मागच्या अंगणात जा, खुशाल मोठ्यांदा खोका. तिथे कुणी वाचत बसलेलं नाही."

ते हसले नाहीत. एचआयव्हीच्या गोळ्या अकरा वर्षं चालू. खोकला ऐकू गेला की शेजाऱ्यांच्या चौकशा सुरू, म्हणून उशीत तोंड खुपसून खोकायची सवय लागलेली. महिन्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नव्हतं. पण अशा माणसांत जंतू थोडे असतात, डोळ्यांना चकवतात. म्हणून आता मशीनवर तपासायचं होतं.

"कागद आज मिळेल ना?" बहिणीला नात झाली होती. 'आधी तपासणीचा कागद, मग ये,' असं तिने फोनवर बजावलं होतं. पिशवीत लोकरीचं टोपडं होतं, खिशात संध्याकाळच्या गाडीचं तिकीट.

तिसऱ्या डबीला कुठे काम झालं. मशीनला दोनेक तास लागतात. मास्क लावून मी बाहेर त्यांच्या बाकावर जाऊन बसले. एरवी मी कुणापाशी बसत नाही. त्यांनी टोपडं दोनदा उलगडून दाखवलं.

टीबी निघाला. नेहमीच्या औषधाला दाद देणारा, तेवढंच नशीब.

"गोळ्यांनी बरा होतो, काका. पण आजची गाडी सोडा."

"बरं," म्हणाले आणि टोपडं पिशवीत तळाशी सारलं.

मग फॉर्म काढला. रुग्णाच्या सहवासातली माणसं त्यात लिहायची, म्हणजे त्यांनाही तपासता येतं. लोक दहा-दहा नावं सांगतात आणि मी करवादते.

"घरात कोण?"

"कुणी नाही."

"जेवायला, गप्पा मारायला?"

"वाचनालयात कोण बोलतंय, बाई?"

"बहीण?"

"भेटून चार वर्षं झाली."

रिकाम्या ओळींकडे बघून त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाले, "आजचे दोन तास धरतात का? धरत असतील तर तुम्ही आहात."

मला राग आला, कुणाचा ते देव जाणे. पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं.