एकसष्ट नंबरची पेटी

बायनाबाई निमसरकारचे समोरचे चार दात झिजून सपाट झाले होते. पाहणाऱ्याला वाटायचं, बाईला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची सवय असेल. खर्रा तिने जन्मात तोंडात घातला नव्हता. ते दात मातीने खाल्ले होते, आणि ती माती तीस कोटी वर्षांपूर्वीची होती.

चंद्रपूरहून राजुऱ्याकडे निघालं की एका वळणावर पत्र्याचं लांबलचक शेड लागतं. कोळसा कुठे आणि किती खोल आहे हे पाहायला जमिनीत भोकं पाडतात. त्या भोकांतून पाइपात अडकून दगडामातीचे गोल दांडे वर येतात, त्यांना कोअर म्हणतात. ते धुवायचे, आणि ज्या खोलीवरून जो तुकडा आला त्याच क्रमाने लाकडी पेट्यांत मांडायचे, हे बायनाबाईचं काम. नवरा दुसरी बाई करून बल्लारशाला गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आधी मशीनवर पाणी भरलं, मग कोअर धुतले, मग मांडायला लागली. ठेकेदार आले नि गेले. बायनाबाई सत्तावीस वर्षं तिथेच राहिली.

सुरुवातीच्या काळात एका म्हाताऱ्या साहेबाने तिला शिकवलं होतं. माती समोरच्या दातांत धरायची. कचकचली तर रेती, लोण्यासारखी विरघळली तर चिकणमाती, मधलंच काही असलं तर गाळ. साहेब स्वतः महिन्यातून एखाद वेळ चावून पाहायचा. बायनाबाई प्रत्येक तुकडा चावायची. असं करता करता नुसता तुकडा जिभेला लावला तरी तिला कळायचं, हा कोणत्या भोकाचा आणि साधारण किती खोलीचा.

शेडप्रमुख गुणवंतराव कौतुकाने म्हणायचे, "बाई, तू तं कॉम्प्युटर हायस." पगार वाढवायची गोष्ट निघाली की म्हणायचे, "कॉम्प्युटरले कधी पगार रायते काय?" आणि स्वतःच हसायचे.

तिला मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण सिकलसेलने गेली तेव्हा तिचा निकेश चार वर्षांचा होता. त्याला बायनाबाईने वाढवलं, बीएस्सी केलं, आणि गुणवंतरावांच्या दारी सहा महिने खेटे घालून त्याच शेडात ठेक्यावर नोंदी करायला लावलं. निकेश कॉम्प्युटरपाशी बसायचा. तिच्याकडे मान वर करून पाहिलं की हसायचा. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

बावीस सालच्या जुलैत इरई नदीचं पाणी शेडात शिरलं. कमरेएवढ्या पाण्यात रॅकांवरून पेट्या कलंडायला लागल्या. चार मजुरांना घेऊन बायनाबाईने दोन दिवस पेट्या ओढल्या. पाणी उतरल्यावर महिनाभर सांडलेले तुकडे चावून चावून जागेवर लावत बसली. शेवटच्या दोन रॅका राहिल्या असताना तिला ताप भरला. अकरा दिवस सरकारी दवाखान्यात काढून ती परत आली, तर दोन्ही रॅका भरलेल्या. वरून साहेब तपासणीला येणार म्हणून ठेकेदाराने नवे मजूर लावून एका दुपारीत उरकून घेतलं होतं.

ती गुणवंतरावांना म्हणाली, "भाऊ, त्या दोन रॅका मले पुन्हा पाहू द्या."

"साहेब पाहून गेले, सही करून गेले. आता हात नोको लावू."

पुढच्या मे महिन्यात नीलिमा मॅडम आल्या. नागपुरात भूगर्भशास्त्र शिकलेल्या, आता बाहेर कुठल्या मोठ्या संस्थेत होत्या. ऊन सत्तेचाळीसवर होतं, पत्र्याला हात लावला तर फोड यावा, आणि मॅडम म्हणाल्या, "मावशी, मी इथे बर्फ शोधायला आलेय."

बायनाबाईला थट्टाच वाटली. पण मॅडमनी तिला शेजारी बसवून भोक नंबर सत्तेचाळीसचा कोअर दाखवला. हिरवट मातीत केसाएवढे बारीक पट्टे होते, एक फिकट, एक काळपट. उन्हाळ्यात बर्फ वितळून रेती यायची तो फिकट. हिवाळ्यात तळं गोठायचं आणि खाली संथपणे गाळ बसायचा तो काळपट. दोन पट्टे म्हणजे एक वर्ष. मध्येच एखादा गोटा होता आणि त्याच्याखाली पट्टे वाकले होते. तरंगत्या बर्फातून तो तळात पडला होता. एका जागी मातीला उभी चीर होती, रेतीने भरलेली. "इथे जमीन वर्षानुवर्षं थिजलेली असायची. थंडीने ती अशी तडकायची."

बायनाबाईने त्या चिरेवरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत हे पट्टे तिने हजारदा धुतले होते, आणि ते कशाचे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन ती निकेशला म्हणाली, "आपल्या चांद्यात बरफ होता बाबू. मी त्याची वर्षं मोजून राह्यली आता."

मॅडमनी तिला वर्षभर सोबत ठेवलं. कोणत्या पेटीत काय, हे यादीपेक्षा तिला विचारलेलं लवकर व्हायचं. मॅडम तिच्या डब्यातली आंबाडीची भाजी खायच्या. थंडीत त्यांनी तिला एक शाल आणली. बायनाबाईला वाटलं, आपलं कोणीतरी आलं.

मग एकदा बायनाबाई दोन दिवस लग्नाला गेली असताना मॅडमना त्याच सत्तेचाळीस नंबरच्या भोकाच्या एकसष्ट नंबरच्या पेटीत एक काळा तुकडा मिळाला. खाली थिजलेल्या जमिनीचे थर, वर थिजलेल्या जमिनीचे थर, आणि मध्ये पानाचा ठसा असलेला हा तुकडा. म्हणजे बर्फाच्या काळात मध्येच काही शतकं ऊब आली होती, झाडं उगवली होती, आणि पुन्हा सगळं गोठलं होतं. हे आधी कोणी म्हटलं नव्हतं. मॅडमचा लेख छापून आला, पेपरात फोटो आला, परदेशी पाहुणे यायचं ठरलं. तो तुकडा काचेच्या कपाटात ठेवला गेला.

पाहुणे यायच्या आधी आठ दिवस बायनाबाईला ते कपाट पुसायला सांगितलं, तेव्हा तिने तो पहिल्यांदा हातात घेतला. सवयीने कडेचा कण दातांत धरला आणि थांबली. बर्फाच्या मातीला चव नसायची. याला कोळशाची कडवट चव होती. शिवाय सत्तेचाळीस नंबरचं भोक जाड पाइपाने पाडलं होतं. बायनाबाईने भिंतीशी पडलेला जाड पाइप आणला आणि तुकड्याची गोल कड आतून लावली. तुकडा डुगडुगला. बारीक पाइपात लावली, तर अशी बसली जशी काही तिथेच जन्मली. बारीक पाइपाची भोकं दुसरीच होती, कोळशाची, बर्फानंतरच्या काळातली. एकसष्टची पेटी त्या शेवटच्या दोन रॅकांतली होती. पुरानंतरच्या त्या दुपारी कोणी तरी सांडलेला तुकडा उचलून दिसेल त्या पेटीत टाकला होता.

तिने मॅडमना एकटीला गाठलं आणि दोन्ही पाइपांत तुकडा लावून दाखवला. मॅडमनी स्वतः दोन्ही पाइपांत तो पुन्हा लावून पाहिला.

"मावशी, हे कुणाला सांगितलंय?"

"नाई बाई. पह्यले तुमालेच."

"बरं केलंत. मी बघते."

तो बारीक पाइप दुसऱ्या दिवशी भंगारात गेला.

पाहुणे आले त्या दिवशी मांडव होता, बुके होते. गुणवंतराव माइकवरून म्हणाले, "आता आमच्या बायनाबाईची कमाल पाहा." तिला मधोमध खुर्चीवर बसवून डोळ्यांना रुमाल बांधला. एकेक तुकडा तिच्या तोंडापाशी धरायचे, ती चावून भोकाचा नंबर सांगायची, लोक टाळ्या वाजवायचे. चौथ्या वेळी दातांत काही तरी कडक आलं. कळ डोक्यात गेली आणि दाताचा टवका जिभेवर पडला.

"हे सिमेट हाय, भाऊ," ती म्हणाली.

मांडवात हशा पिकला. गुणवंतरावांनी मोडक्या खांबाचा तुकडा आणला होता. रुमाल सोडला तेव्हा तिच्या ओठावर रक्त होतं आणि समोर दहा फोन धरलेले होते.

एका गोऱ्या म्हाताऱ्या पाहुण्याला हसू आलं नाही. त्याने कपाटातला काळा तुकडा आणायला लावला आणि तिच्या हातात देऊन काही विचारलं. मॅडमनी सांगितलं, "मावशी, ते विचारतायत, याबद्दल काय वाटतं?"

बायनाबाईने पदराने ओठ पुसला. "हा तुकडा या भोकाचा नाई. एकसष्टच्या पेटीत चुकून पडला. पाइपात लावून पाहा म्हणा."

मॅडमनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे वळून हसत इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाताऱ्याने उठून बायनाबाईचा हात दोन्ही हातांत घेतला. तिला वाटलं, समजलं यायले.

घरी जाताना तिने निकेशला विचारलं, "मॅडमनं काय सांगतलं रे त्यायले?"

निकेश गाडी चालवत होता. पुलावर त्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, "म्हने, हा तुकडा पाहून बाईले आपल्या पूर्वजायची आठवन येते."

"अन् तू आयकून राह्यला होता?"

"मोठीमाय, माही नोकरी हाय थिथी."

सहा महिन्यांनी परदेशातल्या एका प्रयोगशाळेने त्या तुकड्यातले परागकण तपासले. ते बर्फाच्या काळातले नव्हते, बरेच नंतरचे होते. चौकशी लागली. पेट्या कोणी मिसळल्या, हा प्रश्न आला, आणि उत्तर आधीच तयार होतं. गुणवंतरावांच्या खोलीत टेबलावर टाइप केलेला कागद होता: पुरानंतर सर्व पेट्या मी एकटीने लावल्या, एकसष्ट नंबरची पेटी माझ्या चुकीने बिघडली, हे मी कोणाला कळवलं नाही. कागद निकेशने टाइप केला होता. तो दाराशी उभा होता.

"मी दवाखान्यात होती, भाऊ. चिठ्ठी हाय माह्याजवळ."

"ठेव ना चिठ्ठी," गुणवंतराव म्हणाले. "सही नाई केली तं निकेशचा ठेका याच महिन्यात संपते. केली तं त्याले पक्का करायचं माह्याकडं."

नीलिमा मॅडम तिच्या शेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "मावशी, तुमचं यात काय जाणार आहे? तुम्हाला कुठेही काम मिळेल. माझं सगळं आयुष्य जाईल."

बायनाबाईने दाराकडे पाहिलं. निकेशने मान खाली घातली, पण तो "नोको करू" म्हणाला नाही. तिने चष्मा लावला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. त्याच दुपारी तिला गेटाबाहेर काढलं. डबा आत राहिला होता, तो आणायलाही वॉचमनने सोडलं नाही.

निकेश पक्का झाला. त्याने चंद्रपुरात खोली केली. बायनाबाई राजुऱ्याकडच्या आपल्या गावी परतली आणि कापूस वेचायला जाऊ लागली. गोष्ट तिच्या आधी गावात पोचली होती. पदराचा वटा खोचून कपाशीच्या ओळीचं तास धरताना बाया म्हणायच्या, "बायनाबाई, बोंडं पऱ्हाटीचीच हायेत ना? का तुरीच्या शेंगा टाकून राह्यली वट्यात?" पहिले काही दिवस तिने उत्तरं दिली. मग द्यायची सोडली.

दिवाळीला निकेश मिठाई घेऊन आला. मॅडमनी दुरुस्तीचा खुलासा छापला होता, त्यांना नवं कामही मिळालं होतं, दूर उत्तरेकडे, जिथे जमीन अजून थिजलेली आहे. खुलासा त्याच्या फोनवर होता. बायनाबाई म्हणाली, "वाच."

त्याने अडखळत मराठी करून सांगितलं. साठवणुकीच्या काळात स्थानिक मजुरांच्या हातून नमुन्यांची अदलाबदल झाली, त्यामुळे आधीचा निष्कर्ष मागे घेत आहोत.

"माहं नाव हाय काय त्यात?"

"नाई. नुसतं मजूर हाय."

बायनाबाईने फोनवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मंग माही सही काऊन घेतली रे?"

निकेशने फोन खिशात घातला. मिठाईचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला, आणि अंधाराआधी पोचायचं म्हणून गाडीची किल्ली घेऊन उठला.