सोप्यातली विलायती गाडी

आमचे दाजी शिवप्रसाद, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, मंगळवार पेठेतले नामांकित मोटारवाले होते. हे त्यांचं स्वतःचं मत. पेठ त्यांना गुळाचे अडते म्हणून ओळखायची, आणि अडतीतही त्यांचं यथातथाच होतं. १९९६ साली त्यांनी मलकापूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून १९५३ सालची विलायती गाडी आणली. आणली म्हणजे ट्रकमागं दोरानं बांधून ओढत आणली, आणि हे स्टिअरिंगवर बसून वाटेतल्या लोकांना हात करत होते.

गाडी ठेवायला घरात जागा नव्हती. शहाण्या माणसानं गाडीच घेतली नसती. दाजींनी सोपाच गाडीला दिला. पावणेरावळे बसायचे त्या पुढच्या खोलीची भिंत फोडली, शटर बसवलं आणि गाडी आत घातली. तेव्हापासून घरची माणसं बोळातनं, मोरीशेजारच्या दारानं ये-जा करू लागली. सोप्यामागं माजघर, त्यामागं चूल. सोपा आणि माजघर यांच्यामध्ये फक्त एक फळ्यांचं दार, बोट जाईल एवढ्या फटींचं.

सकाळी लिंगपूजा उरकून, कपाळाला विभूती लावून दाजी गाडीत बसत आणि इंजिन सुरू करत. रस्त्यावरची धूळ गाडीवर बसू नये म्हणून शटर बंद. पंधरा मिनिटं हा गृहस्थ कुठंही न जाता ऐटीत बसून राहायचा. धूर फटींतून थेट आक्काच्या तव्यापर्यंत. इंजिन बंद झालं की पेट्रोलचा वास. दुधाला वास, पिठाला वास, कपाटातल्या इरकली लुगड्यांना वास. आक्काच्या हातची भाकरी खाऊन मी लहानाचा मोठा झालो, पण त्या घरात जेवायचं मी टाळू लागलो. हे सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

आक्का रोज सांगायची. मग दाजी उपाय करायचे, आणि एकेक उपाय असा की ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. बश्यांतून कापलेले कांदे ठेवले. कोळशाचं पोतं टांगलं. शेवटी ऊद जाळला. पेट्रोल ठिबकणाऱ्या गाडीपाशी ऊद! घर उरलं हे आक्काचं नशीब.

उद्यमनगरातल्या आकाराम मिस्त्रीला मीच एकदा घेऊन गेलो. त्यानं बॅटरी मारून दोन मिनिटांत सांगितलं, "मालक, टाकीची रबरी नळी चिरलीया. टोपणाचा वायसर गेलाय. दोन्ही बदलूया. आन् गाडी भाईर ढकलून मग चालू करा की. वर एक झरोका पाडा, वारं खेळू दे."

"नळी बदलायची न्हाय. ओरिजनल हाय ती," दाजी म्हणाले.

"ओरिजनल हाय म्हणूनच चिरलीया."

आकारामला पुन्हा त्या घरी बोलावणं गेलं नाही. दाजींनी चिरेवर अंगाचा साबण फासला, वर सुतळी गुंडाळली आणि आपण मोठे कारागीर असल्यासारखे मिशीत हसले.

२००३ साली त्यांची एकुलती एक लेक विद्याश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बाळंतिणीची बाज माजघरात, फळ्यांच्या दारालगत, कारण दुसरी खोलीच नव्हती. आठव्या दिवशी मी खारीक-डिंक घेऊन गेलो, तर बाळंतिणीचं करायला ठेवलेली शालूबाई बाळाला न्हाऊ घालून धुरीची शेगडी आणत होती. लालभडक निखारे, वर ओवा आणि बाळंतशेपा. आणि खोलीत पेट्रोलचा असा भपकारा की डोळे चुरचुरत होते. मी दाराखाली पाहिलं. सुतळी सुटली असावी. फटीतून पेट्रोलचा ओघळ माजघराच्या फरशीवर आला होता.

मी ओरडलोच. बोळाच्या दारातनं दाजी धावत आले, शालूबाईच्या हातची शेगडी हिसकावली आणि मोरीत नेऊन ओतली. खरं सांगतो, सात वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. तो फार वेळ टिकला नाही.

"गाडी जळली असती म्हंजे?" ते म्हणाले. "उद्यापासनं धुरी बंद. गाडीजवळ इस्तू चालायचा न्हाय."

आक्का म्हणाली, "गाडी भाईर काढा."

"रस्त्यावर? रंग उडतोय उन्हानं."

आक्कानं बाळाची दुपटी गाठोड्यात बांधली आणि मला म्हणाली, "बाळाप्पा, रिक्षा बोलव." त्याच दुपारी मी तिघींना पेठ वडगावला माझ्या घरी आणलं. ओली बाळंतीण आठव्या दिवशी बापाच्या घरातनं उठली. पेठेत काय चर्चा झाली असेल, ते दाजींनी ऐकलंच असेल.

बारसं माझ्या घरी ठरलं. दाजी कोट घालून, गाडी घेऊनच आले. ती वडगावपर्यंत आली हे नवलच. उंबऱ्यातनंच हात पसरून म्हणाले, "आण हिकडं माझ्या नातीला."

विद्याश्री बाळाला धरून मागं सरली. "आप्पा, वास येतोय. हात धुऊन या."

ते नळावर जाऊन आले. "अजून येतोय," ती म्हणाली. ते पुन्हा गेले, कोट काढला, माझा सदरा घातला, कोपरापर्यंत साबण लावला. तरी तिनं मान हलवली. तेव्हा ते पायरीवर बसले आणि दोन्ही तळवे नाकाला लावून हुंगत राहिले.

"बाळाप्पा, खरंच येतोय व्हय रं वास?" त्यांनी हळूच विचारलं. "मला कायच येत न्हाय. कवापास्नं येत न्हाय, ते बी ठावं न्हाय."

बंद शटरमागं बसून बसून या माणसाचं नाकच मेलं होतं. मला कीव आली, आणि आली याचा रागही आला.

आक्का दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

"तुमास्नी वास येत नसंल," ती म्हणाली. "पर मी रोज सांगत हुते, ते तर ऐकू येत हुतं न्हवं?"

दाजींनी तळवे नाकावरून खाली घेतले. विद्याश्री बाळाला घेऊन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.